दान म्हणता, तर देश, काळ आणि पात्र सांगा
गोठवलेल्या भ्रूणांच्या संमतीपत्राविषयी एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, राष्ट्रीय सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान व सरोगसी मंडळ, नवी दिल्ली
तसेच
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय : गोठवलेले भ्रूण मूलपेशी-संशोधनासाठी देण्याची संमती आणि तिच्यातील उणिवा

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका प्रजनन उपचार केंद्राचे पत्र आले. २०१७ साली तेथे गोठवून ठेवलेल्या आमच्या तीन भ्रूणांची दहा वर्षांची मुदत पुढील वर्षी संपत आहे, तरी त्यांचे काय करावे हे सोबतच्या अर्जावर खूण करून पंधरा दिवसांत कळवावे, असे त्यात लिहिले होते. अर्जावर दोन चौकोन होते. एकापुढे छापले होते ‘नष्ट होऊ देणे’ आणि दुसऱ्यापुढे ‘संशोधनार्थ दान’. त्याखाली पतीची सही, पत्नीची सही आणि आधार क्रमांक. तीन भ्रूणांविषयी आम्हाला विचारलेले आणि सांगितलेले सारे काही एवढ्यात मावले होते.

मी व्यवसायाने अनुवादक आहे. गेली अठरा वर्षे कायद्याची आणि सरकारी कामकाजाची कागदपत्रे मी मराठीत आणते, त्यामुळे कागदावरचा शब्द कुठून आला आणि येताना वाटेत काय सांडले, हे शोधण्याची मला सवय जडली आहे. हा अर्ज कुठून आला तेही मला कळले. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ च्या कलम २८ मध्ये असे म्हटले आहे की भ्रूण दहा वर्षांपेक्षा अधिक काळ साठवता येणार नाहीत, आणि मुदत संपल्यावर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा जोडप्याच्या संमतीने या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यावेत. केंद्राने कलमाचे दोन भाग केले आणि दोन चौकोन छापले. कायद्याचे पालन झाले. मात्र कायद्यातला ‘संमती’ हा शब्द त्या चौकोनात उतरलेला नाही, आणि म्हणून केंद्राला उत्तर पाठवण्याऐवजी मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे. केंद्राचे नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका केंद्राचा असता तर तो मी तेथेच जाऊन सोडवला असता.

या विषयात माझे दोन्हीकडे नाते आहे, ते आधी सांगते.

माझी मुलगी २०१८ साली जन्मली. हे तीन भ्रूण तिच्याच सोबतचे आहेत. एकाच दिवशी काढलेली अंडी, एकच प्रयोगशाळा, पाचव्या दिवसापर्यंत सारखीच वाढ. त्यातला एक माझ्या गर्भाशयात ठेवला गेला आणि उरलेले तीन उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गेले. कोणाला कुठे पाठवायचे हे सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या प्रतवारीवरून ठरले. आज मुलगी आठ वर्षांची आहे आणि पाढे म्हणताना एकोणतीसवर अडखळते. त्या तिघांना मी मुले म्हणत नाही. पण घरात वापर संपलेली एखादी वस्तू म्हणावे, तसेही मला म्हणता येत नाही.

दुसरे नाते माझ्या वडिलांचे. अण्णा निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत आणि गेली अकरा वर्षे त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आहे. फळ्यावर वळणदार अक्षर काढणाऱ्या या माणसाची ओळ आता कागदावर जसजशी पुढे जाते तसतशी बारीक होत जाते, आणि शेवटचा शब्द मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिका आणि कॅनडातील बारा रुग्णांवरील एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भ्रूणापासून मिळवलेल्या मूलपेशींतून, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींतून, डोपामीन हे हालचालींसाठी मेंदूला लागणारे रसायन तयार करू शकणाऱ्या पेशी वाढवून त्या या रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या होत्या. चाचणी पहिल्या टप्प्याची होती, तिचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासण्याचा होता, आणि अण्णांच्या हयातीत त्यातून नाशिकच्या रुग्णालयापर्यंत काही पोहोचेल अशी आशा मी धरलेली नाही. तरीही त्या पेशींचे मूळ कुठे आहे हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. १९९८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशींच्या पहिल्या मालिका, म्हणजे प्रयोगशाळेत विभागत राहणारे पेशींचे साठे, तयार केल्या, त्यांपैकी एका मालिकेतून या पेशी आल्या आहेत. कोण्या अनामिक जोडप्याने तेव्हा आपला उरलेला भ्रूण दिला आणि सत्तावीस वर्षांनंतर त्याच्या पेशींची संतती बारा माणसांच्या डोक्यात काम करत आहे.

तेव्हा मी संशोधनाच्या विरोधात नाही. कदाचित ‘दान’ या चौकोनातच मी खूण करीन. परंतु ती खूण करण्यापूर्वी जे मला कळायला हवे, ते मला कोणीही सांगितलेले नाही.

माझी पहिली तक्रार त्या ‘दान’ शब्दाविषयीच आहे, आणि तिच्यावर मी जरा अधिक थांबणार आहे. इंग्रजी मसुद्यातील देण्याघेण्याच्या साध्या शब्दासाठी मराठीत ‘दान’ वापरला गेला. रक्तदान, नेत्रदान, देहदान या शब्दांनी आपल्याकडे मोठे काम केले आहे आणि दधीची ऋषींच्या अस्थींची गोष्ट सांगून अनेक कार्यकर्त्यांनी लोकांना अवयवदानासाठी तयार केले आहे, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो. पण आपल्या परंपरेत दान ही काही अटींनी बांधलेली कृती आहे. अण्णांना मी अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्यांनी गीतेच्या सतराव्या अध्यायातील श्लोक म्हटला : ‘दातव्यमिति यद्दानं दीयतेऽनुपकारिणे। देशे काले च पात्रे च तद्दानं सात्त्विकं स्मृतम्॥’ परतफेडीची अपेक्षा नसावी, हे झालेच. पण कुठे, केव्हा आणि कोणाला, हे देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. मग त्यांनी विचारले, “यात पात्र कोण आहे? नाव कुठे लिहिले आहे?” नाव कुठेच नव्हते. देणारी मी, आणि घेणारा कोण हे मला माहीत नाही; कशासाठी घेतो, किती काळासाठी घेतो, त्यातून उद्या पैसे मिळाले तर ते कोणाचे, हेही माहीत नाही. अशा व्यवहाराला आपण दुसरे काहीही म्हणा, दान म्हणू नका.

हे शब्दांचे खुसपट काढणे नाही. पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा पोकळ गोळा. मूलपेशींसाठी त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी वेगळ्या काढल्या की भ्रूण राहत नाही, आणि त्या पेशी मात्र योग्य निगा राखली तर विभागत राहतात, गोठवता येतात, एका प्रयोगशाळेतून दुसरीत जातात. संपणे आणि न संपणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भ्रूण परदेशी पाठवण्यास मनाई आहे, अपवाद फक्त मंडळाच्या परवानगीने स्वतःच्या वापरासाठी नेण्याचा. पण भ्रूणापासून काढलेली पेशींची मालिका परदेशी गेली, तिच्यावर एकस्व (पेटंट) घेतले गेले, तिच्यातून औषध बनून विकले गेले, तर त्याचा ज्या दोघांच्या सहीवर हे सारे उभे आहे त्यांच्याशी काय संबंध राहील, याविषयी माझ्या हातातला अर्ज मुका आहे.

दुसरी तक्रार वेळेची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. परिषदेच्या २००७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले होते की उरलेल्या भ्रूणांची संमती देण्याच्या क्षणी घेऊ नये, ती निदान २४ तास आधी घ्यावी. विचाराला वेळ मिळावा हा त्यामागचा हेतू उघड आहे. प्रत्यक्षात २०१७ मध्ये, अंडी काढण्याच्या सकाळी, इंजेक्शनांनी पोट फुगलेले असताना आणि भुलेसाठी उपाशी बसवलेले असताना, माझ्यापुढे अकरा कागद ठेवले गेले होते, आणि त्यातल्या एकावर ‘भविष्यात संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही’ अशी ओळ होती. तिच्यावर माझी सही आहे. मी ती वाचली होती का? अनुवादक असूनही नाही.

तिसरी तक्रार धर्माची आहे, आणि इथे मी आपल्याला थोडा वेळ मागते, कारण या विषयातील बहुतेक सरकारी लिखाण या वळणावर घाई करते.

आपल्याकडे चर्चासत्रांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते : भ्रूणाच्या प्रश्नावरून पाश्चात्त्य देशांत धर्मसंस्थांनी गदारोळ केला, भारतात तसा विरोध नाही, हा आपला फायदा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सरकारी पैसा केवळ आधीच अस्तित्वात असलेल्या मालिकांपुरता मर्यादित केला, तेव्हा तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जगभरातील ६४ मालिकांची यादी जाहीर केली होती. त्यातल्या दहा भारतातल्या होत्या : सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे. तेव्हा मी महाविद्यालयात होते, आणि देशाचे नाव त्या यादीत आल्याचा आनंद मला आठवतो. ज्यांच्या भ्रूणांतून त्या मालिका निघाल्या त्या जोडप्यांना काय विचारले गेले असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्याही मनात आला नव्हता. विरोध नव्हता हे खरे असेल. पण विरोध नसणे म्हणजे संमती असणे, हा निष्कर्ष कोणी काढला?

आमच्या घरातलेच सांगते. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे या प्रश्नावर शास्त्रांत एकवाक्यता नाही. गर्भोपनिषदात एका रात्रीचा गर्भ ‘कलल’, सात रात्रींचा ‘बुद्बुद’ आणि अर्ध्या महिन्यात ‘पिंड’ होतो, आणि जीवाशी त्याचा संयोग सातव्या महिन्यात सांगितला आहे. चरकसंहितेत मात्र शुक्र, शोणित आणि जीव यांच्या संयोगालाच गर्भ म्हटले आहे, म्हणजे जीव सुरुवातीपासून आहेच. पराशरस्मृती गर्भ पडला तर चौथ्या महिन्यापर्यंत त्याला ‘स्राव’, पाचव्या-सहाव्यात ‘पात’ आणि त्यापुढे ‘प्रसूती’ म्हणते, आणि त्याप्रमाणे अशौचाचा विचार बदलतो. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळातले हे सारे विचार आहेत आणि ‘अर्धा महिना’ व प्रयोगशाळेत भ्रूण वाढवण्याची आजची चौदा दिवसांची मर्यादा यांत कोणी गूढ नाते शोधू लागले तर अण्णाच आधी हसतील. मुद्दा एवढाच की ‘हिंदूंना अडचण नाही’ असे एका ओळीत लिहिण्याजोगी ही परंपरा नाही. तिच्यात दोन्ही बाजूंना आधार सापडतो, म्हणूनच प्रत्येक घराला स्वतः ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी माहिती लागते.

शिवाय आपल्या महाराष्ट्रात ‘भ्रूण’ हा शब्द कोरा राहिलेला नाही. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ साली आपल्या राज्याने केला, आणि त्यानंतरच्या तीन-चार दशकांत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द शाळेच्या भिंतींवर, एसटीच्या मागे, ग्रामपंचायतीच्या फलकांवर लिहिला गेला. तो लिहिला गेला हे उत्तमच झाले. परंतु माझ्या सासूबाईंनी आयुष्यात ‘भ्रूण’ हा शब्द फक्त ‘हत्या’ या शब्दाला जोडूनच वाचलेला आहे. त्यांनी अर्ज हातात घेतला, ‘भ्रूण नष्ट होऊ देणे’ एवढे वाचले आणि चष्मा काढून ठेवला. मग मी त्यांना शंभर पेशींचा गोळा, नायट्रोजन, प्रतवारी हे सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग नष्ट करण्याऐवजी आपण ते गोदेत सोडू शकतो का?” केंद्रात विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की हे जैववैद्यकीय कचऱ्यात मोडते, पिवळ्या पिशवीत जाते, बाहेर देता येत नाही. नियमाचे कारण मला समजते. पण हा नियम सांगण्याची वेळ आणि भाषा कोणीतरी ठरवायला हवी होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

इतर धर्मीयांचीही हीच गत आहे. वसईतील माझी एक मैत्रीण कॅथलिक आहे. तिच्या चर्चची भूमिका १९८७ च्या आणि २००८ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजांत स्पष्ट आहे : गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून भ्रूणाला माणसाचा मान द्यावा, त्यामुळे भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या मूलपेशी चालणार नाहीत, प्रौढांच्या शरीरातून किंवा नाळेच्या रक्तातून मिळवलेल्या चालतील. तिने तरीही उपचार घेतले, कबुलीजबाब दिला, आणि आता तिच्यापुढेही तेच दोन चौकोन आहेत. तिला दोन्हींपैकी एकही मान्य नाही. इस्लामी परंपरेत आत्मा फुंकला जाण्याचा काळ बहुतेक विद्वान १२० दिवसांचा मानतात, काही ४० दिवसांचा, आणि त्यामुळे इराणसारख्या देशात धर्मगुरूंच्या मान्यतेने तेहरानच्या रोयान संस्थेने २००३ मध्ये भ्रूणजन्य मूलपेशींची मालिका तयार केली. ज्यू परंपरेत तालमूद पहिले ४० दिवस गर्भाला केवळ पाण्यासारखा मानतो. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी बेने इस्रायली कुटुंबांना यामुळे तेथे या प्रश्नावर आमच्याइतकी घालमेल होत नसावी, असे आपले मला वाटते. जैन आणि बौद्ध घरांत अहिंसेचा प्रश्न येतो, आणि त्याच घरांत दुसऱ्याचे दुःख हलके करण्याचाही येतो. यांतले कोणते मत बरोबर, हे ठरवण्याचे काम मी आपल्याला सांगत नाही. ही मते देशात आहेत आणि ती बाळगणारी माणसे आपल्या अर्जावर सह्या करत आहेत, एवढे लक्षात घ्यायला सांगते.

एक गोष्ट जाता जाता. धर्म आणि मूलपेशी हे शब्द आपल्याकडे एकत्र आले की ते सहसा अभिमानासाठी येतात. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरवांचा जन्म मूलपेशी आणि परीक्षानळीच्या तंत्राने झाल्याचे सांगितले, आणि शास्त्रज्ञांनी त्यावर योग्य ती टीका केली. मला त्या कथेतली वेगळीच गोष्ट आठवते. आदिपर्वात व्यासांनी मांसपिंडाचे भाग तुपाच्या कुंभांत ठेवले तेव्हा गांधारीच्या मनात आले की शंभर पुत्रांसोबत एक कन्याही असती तर बरे होते, आणि एकशे एकावा भाग निघाला, ती दुःशला. कथेतल्या त्या आईच्या मनातले निदान विचारात घेतले गेले.

चौथी तक्रार बदलत्या मर्यादांची. परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अखंड मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवण्यास मनाई आहे. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचवलेली ही रेषा जगभर मानली गेली. पण मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ती सरसकट मनाईच्या यादीतून काढली. उद्या भारतानेही ती पुढे सरकवली, तर आज दिलेली संमती त्या नव्या मर्यादेलाही लागू होईल का? मी चौदा दिवसांना हो म्हटले असेल आणि अठ्ठावीसांना म्हणणार नसेन. हे ठरवण्याचा हक्क माझ्याकडे राहतो की सहीबरोबर जातो?

पाचवी तक्रार विश्वासाची आहे, आणि ती भ्रूणांबाहेरची असली तरी याच शब्दाशी बांधलेली आहे. रक्ताच्या काही आजारांवरील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे उपचार अजून प्रायोगिक आहेत आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, हे परिषदेनेच सांगितलेले आहे. तरीही अण्णांच्या कंपवातावर काही लाख रुपयांत ‘स्टेम सेल’चे तीन डोस देण्याची तयारी एका केंद्राने आम्हाला दाखवली होती. मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात नाळेच्या रक्ताची खासगी पेढी चालवणाऱ्यांचा प्रतिनिधी तपासणीच्या रांगेतच भेटला होता, आणि बाळाच्या आयुष्याचा विमा म्हणून तो जे सांगत होता त्याला परिषदेची शिफारस नाही हे मला फार नंतर कळले. ज्या शब्दाच्या नावाने दोनदा आमच्या खिशात हात घालण्याचा प्रयत्न झाला, त्याच शब्दासाठी आता आम्ही दान करावे अशी अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल की गर्भपाताला कायद्याने परवानगी आहे, मग पाच दिवसांच्या भ्रूणाचा एवढा विचार कशाला? मला ही तुलना पटत नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा स्त्रीच्या शरीरावर आणि आयुष्यावर येणाऱ्या ओझ्याचा विचार करतो, आणि तो हक्क मला मोलाचा वाटतो. टाकीत असलेल्या भ्रूणाचे ओझे कोणाच्याही शरीरावर नाही. त्यामुळे तिथले उत्तर इथे उसने घेता येत नाही; इथले वेगळे शोधावे लागते. आणखी कोणी म्हणेल की जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशींनाच मूलपेशींसारखे करून दाखवले, त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा भ्रूणांचा प्रश्न मिटला. तो पूर्ण मिटलेला नाही, हे वर सांगितलेल्या २०२५ च्या चाचणीवरूनच दिसते. पण यामानाका यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण मला जवळची वाटते : मित्राच्या प्रजनन उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहताना त्यांना वाटले की यात आणि आपल्या मुलींत फरक फारच थोडा आहे. त्या वाटण्याने त्यांचे संशोधन थांबले नाही, त्याला दिशा मिळाली. नीतीचा प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाच्या वाटेत आडवे येणे, असे आपल्या कार्यालयांत कोणाला वाटत असेल तर त्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

आता मागण्या.

भ्रूण संशोधनासाठी देण्याचे संमतीपत्र उपचारांच्या कागदांपासून पूर्णपणे वेगळे करावे, ते राज्याच्या भाषेत असावे, आणि उपचार चालू असताना कोणाकडूनही त्यावर सही घेऊ नये. मुदत संपण्यापूर्वी निदान सहा महिने आधी ते घरी यावे. मराठी मसुदा करून हवा असेल तर मी तो विनामूल्य करून देईन, हे इथे जाहीरपणे सांगते.

त्या पत्रात घेणाऱ्या संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक, संशोधनाचा विषय, भ्रूणापासून पेशींची मालिका काढली जाणार आहे की नाही, ती देशाबाहेर जाऊ शकते की नाही, आणि तिच्यातून व्यावसायिक लाभ झाल्यास त्याचे काय, एवढे साध्या वाक्यांत लिहिलेले असावे. मालिका तयार होण्याच्या क्षणापर्यंत संमती मागे घेता येईल, हेही त्यात असावे. चौदा दिवसांची मर्यादा बदलली, तर आधी संमती दिलेल्यांना पुन्हा विचारावे.

संमती घेणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या केंद्राची किंवा संशोधन करणाऱ्या संस्थेची नसावी. तिला जोडप्याच्या धर्माविषयी मत देण्याचा अधिकार नसावा, पण प्रश्न ऐकून घेण्याचा वेळ असावा.

‘नष्ट होऊ देणे’ या पर्यायाची रीत ठरवावी. जोडप्याला हवे असल्यास उपस्थित राहता यावे, आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पाळूनही कुटुंबाला निरोपाचे दोन क्षण मिळतील अशी व्यवस्था असावी. हे खर्चिक नाही.

मूलपेशी संशोधनाला मान्यता देणाऱ्या समित्यांत सामान्य नागरिकासाठी असलेली जागा भ्रूण दिलेल्या किंवा देण्यास नकार दिलेल्या व्यक्तींमधूनही भरावी. आणि मार्गदर्शक तत्त्वांची पुढची सुधारणा करण्यापूर्वी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या ठिकाणी मराठीतून जाहीर सुनावणी घ्यावी, जिच्यात सासूबाईंसारख्या माणसांना बोलता येईल आणि त्यांचे बोलणे नोंदले जाईल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परिषदेच्याच परळ येथील संस्थेतील संशोधकांच्या प्रयत्नातून देशातील शास्त्रीय नोंदी असलेले पहिले परीक्षानळी बालक जन्मले. त्याच परळच्या संस्थेत पुढे भ्रूणजन्य मूलपेशींच्या मालिकाही तयार झाल्या. सुनावणीला याहून योग्य शहर सापडणार नाही.

या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, ही विनंती. आमच्या अर्जातील दोन्ही चौकोन सध्या रिकामे आहेत. मुदत संपेपर्यंतचे साठवणीचे शुल्क भरून, आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत असे केंद्राला कळवले आहे. उत्तर शक्यतो मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असावे. अण्णांना ते स्वतः वाचायचे आहे.

आपली,
नाशिक येथील एक अनुवादक